कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घेताना

कॅपेसिटाबिन म्हणजे कॅन्सरवरची केमोथेरपीची गोळी. ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. गिळवत नाही म्हणून काही घरांत ती खलबत्त्यात कुटून मधातून देतात. कृपा करून तसं करू नका. ती भुकटी देणाऱ्याच्याही हाताला लागते, श्वासात जाते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या काढून देणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नये. ताकदीसाठी म्हणून फॉलिक ॲसिड परस्पर सुरू करू नका, त्याने दुष्परिणाम वाढतात. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तोंड आलं किंवा तळहात-तळपाय लाल होऊन दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, अगदी रात्री सुद्धा.