मुकुट नसलेल्या नायिका शोधताना

मुलांसाठी ॲनिमेशनपट निवडताना पोस्टरवरील राजकन्येच्या मुकुटाकडे न पाहता कथासार वाचावे आणि गोष्ट पुढे नेणारे निर्णय नायिका स्वतः घेते का, हे तपासावे. शोध दिग्दर्शकाच्या नावाने घेतलेला बरा. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’मधील (२००१) दहा वर्षांची चिहिरो घाबरते, रडते आणि तरीही आईवडिलांना सोडवण्यासाठी कामाला लागते, मला तीच सर्वांत जवळची वाटते. मात्र आईवडिलांची डुकरे होतात तो प्रसंग लहानग्यांना भिववतो, म्हणून सुरुवात त्यांच्याच ‘माय नेबर टोटोरो’मधील (१९८८) दोन बहिणींपासून करावी. जळगाव-धुळ्याकडे घरात अहिराणी बोलणाऱ्या, उपशीर्षके वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रपट आधी स्वतः पाहावा आणि मग शेजारी बसून संवाद अहिराणीतच सांगत जावे.