विशेष शिक्षक व्हायचंय? आरसीआय नंबर हातात येईपर्यंतची तयारी

ही यादी मी शेवटाकडून सुरू करते, कारण विशेष शाळेतल्या मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो: "आरसीआय नंबर आहे का?" पदवीचं वर्ष, टक्के, अनुभव हे सगळं त्यानंतर. विशेष शिक्षण, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवणं, हे भारतीय पुनर्वास परिषदेच्या (म्हणजेच आरसीआयच्या) १९९२ च्या कायद्याखाली येणारं काम आहे. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव, म्हणजेच हा नोंदणी नंबर, असल्याशिवाय ते करता येत नाही. केलंच, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. यासाठी कोणाला आत टाकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण नंबर नाही म्हणून तयार नोकरी हातची गेलेले लोक मला माहीत आहेत. तेव्हा पुढचं प्रत्येक पाऊल टाकताना विचारायचं ते एवढंच, की यातून शेवटी तो नंबर मिळणार आहे का?

साधं बी.एड. त्यासाठी चालत नाही. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. विशेष शिक्षण हे दोन नेहमीचे रस्ते, आणि दोन्हींना साधारण ५० टक्के लागतात. महाराष्ट्रात बी.एड. च्या सामान्य आणि विशेष अशा दोन्ही प्रवेशांसाठी सीईटी एकच असते, त्यामुळे पुढे पर्याय भरताना नीट बघा. 'घरबसल्या सहा महिन्यांत विशेष शिक्षक' अशा जाहिराती सर्रास दिसतात. त्यातून चार गोष्टी शिकायला मिळतीलही, नंबर मिळणार नाही.

कॉलेजची मान्यता तपासायची ती परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत, कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकात नाही. तपासताना तीन गोष्टी जुळायला हव्यात: कॉलेजचं नाव, तुमचा कोर्स आणि त्यातला अपंगत्वाचा विषय, आणि तुम्ही प्रवेश घेताय ते वर्ष. मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि विषयवार असते. कर्णबधिर विषयाची मान्यता आहे म्हणून अध्ययन अक्षमतेचीही असेल असं धरून चालू नका. फी भरायच्या दिवशी त्या पानाची प्रत काढून फाइलला लावा.

आता विषय कोणता घ्यायचा. इथे लोक सगळ्यात कमी विचार करतात. कॉलेज जवळ आहे, तिथे बौद्धिक अक्षमता आहे, म्हणून बौद्धिक अक्षमता! असं करू नका. अर्ज भरण्याआधी निदान दोन वेगवेगळ्या शाळांमध्ये परवानगी काढून तीन-चार दिवस मागच्या बाकावर बसा. कर्णबधिरांच्या वर्गात सकाळी बाई प्रत्येक मुलाचं श्रवणयंत्र तपासताना दिसतील: तोंड झाकून आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज काढायचे आणि मुलाला कोणता ऐकू आला ते बघायचं. हे रोज, वर्षभर. दृष्टिहीनांच्या शाळेत ब्रेल पाटी हातात घेऊन बघा. टोचायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे, म्हणजे तुम्हाला प्रत्येक अक्षर आरशातलं लिहावं लागतं. पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. त्यातही मजा वाटली तर तो विषय तुमचा. आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या वर्गात तासभर कोणीच तुमच्याकडे बघितलं नाही तर तुम्हाला काय वाटतं, तेही तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाक् आणि श्रवण अक्षमतेची राष्ट्रीय संस्था. बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे. या संस्थांची पालकांसाठीची आणि शिक्षकांसाठीची पुस्तकं आधीच चाळून ठेवली तर पहिल्या सत्रातले निम्मे शब्द ओळखीचे निघतात.

वाचनापेक्षाही एक सवय मात्र प्रवेशाआधी लावून घ्या: साधं काम तुकड्यांत मोडायची. शर्टाचं बटण घ्या. आपण म्हणतो 'बटण लाव'. मुलासाठी ते एक काम नसतंच. एका हाताने काज्याची कड धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण उभं धरायचं, अर्धं आत सरकवायचं, पलीकडून दिसलं की तिकडून पकडायचं, मग पूर्ण ओढून घ्यायचं. पाच पायऱ्या झाल्या, काही मुलांना आठ कराव्या लागतात. आणि शिकवायचं शेवटाकडून. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करा, शेवटचं ओढणं तेवढं मुलाकडे. बटण लागल्याचा आनंद त्याचा होतो. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे. वहीत प्रत्येक पायरीसमोर लिहायचं: स्वतः केलं, सांगितल्यावर केलं, की हात धरून करून घेतलं. माझ्या पहिल्या पाठाच्या टाचणात मी उद्दिष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थी शर्ट घालण्यास शिकेल'. मार्गदर्शक बाईंनी त्यावर लाल शाईने एवढंच लिहिलं: "कधी? किती? कोणाच्या मदतीने?" वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे एकेका मुलासाठी त्याच्यापुरती ठरवलेली उद्दिष्टं, लिहायला मी खरं तर त्या तीन प्रश्नांतून शिकले. घरी बसून दात घासणं, पाण्याची बाटली उघडणं, दप्तराची चेन लावणं अशी दहा कामं मोडून बघा. एक रुपया खर्च नाही.

सामानाची घाई नको. महागडे तयार शैक्षणिक संच पहिल्या महिन्यात घेऊ नका, कारण कोणत्या मुलासाठी काय लागेल हे अजून तुम्हाला माहीतच नाही. पुठ्ठा, कात्री, वेलक्रो, जाड स्केचपेन आणि मोबाइलवर काढलेले खऱ्या वस्तूंचे फोटो यावर पहिलं वर्ष निघतं. सराव पाठ, केस स्टडी, इतर अपंगत्वांच्या शाळांतलं निरीक्षण यांच्या तारखा एकावर एक येतात, त्यामुळे नोंदी त्याच संध्याकाळी लिहून टाका.

कायद्यातलं थोडंसं तोंडपाठ हवं, लेखी परीक्षेलाही आणि पालकांसमोरही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. 'आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत' असं ऐकून परत आलेली आई तुमच्यासमोर बसेल, तेव्हा हे कलम ३१ आहे हे सांगता आलं पाहिजे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर ठरलेलं प्रमाण: प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मागे एक.

निकाल लागला की त्याच आठवड्यात नोंदणीच्या अर्जाला लागा. अर्ज ऑनलाइन आहे. दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या गुणपत्रिका, पदवी, ओळखपत्र, फोटो, सही हे सगळं आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि नाव! दहावीला माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं आणि बी.एड. च्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, अशी माझी अवस्था होती. ती गुणपत्रिका दुरुस्त होऊन येईपर्यंत चार महिने गेले आणि तेवढे दिवस मी नंबरशिवाय घरी बसले. म्हणून नावाची जुळवाजुळव दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरतानाच करून घ्या, लागलं तर राजपत्रातही तेव्हाच.

प्रमाणपत्र आलं की ते लॅमिनेट करायच्या आधी मुदत वाचा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण दाखवावे लागतात. मुदत संपायच्या महिन्यात दोन-दोन कार्यशाळांत नाव घालायला धावणारे दर वर्षी दिसतात. कार्यशाळेचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याच फाइलमध्ये लावा, आणि मोबाइलमध्ये आठवण टाकायची ती शेवटच्या तारखेच्या एक वर्ष आधीची.