जाहिरातीचं विश्लेषण करताय? या चुका टाळा

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी भाची तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन आली. गोव्यातल्या मोपा एअरपोर्टवरून पणजीला येताना तिने एका होर्डिंगचा फोटो काढलेला. जुन्या घराचं बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), वेताची रिकामी खुर्ची, बाजूला वाइनचा ग्लास, मागे हिरवंगार शेत आणि खाली इंग्रजीत एक ओळ, व्हिलाची किंमत कोटीत. दोन पानं लिहून निष्कर्ष काय, तर "शांतता आणि निसर्ग दाखवून ग्राहकांना आकर्षित केलंय". अगं पण कुठल्या ग्राहकाला?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, जे दिसतं त्याची यादी केली की झालं असं वाटतं. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थने १९६४ साली पांझानी पास्त्याची एक साधी जाहिरात घेतली, जाळीची पिशवी, त्यातून बाहेर आलेले टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची, आणि म्हटलं की फ्रेंच माणसाला यात ताजा बाजार दिसतो आणि 'इटलीपण' पण दिसतं, खुद्द इटलीच्या माणसाला ते तसं जाणवणार नाही. म्हणजे अर्थ वस्तूत नसतो, बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच जे असतं त्यावर तो उभा राहतो.

अडकलात तर एक वस्तू बदलून बघा. मी भाचीला म्हटलं, वाइनचा ग्लास काढ, समोर तुळशीवृंदावन ठेव आणि खुर्चीत एक आजी बसव. ती लगेच म्हणाली, "मामा, मग ते घर कोणाचं तरी झालं, विकत कोण घेणार?" तिथून खरं विश्लेषण सुरू झालं! खुर्ची रिकामी आहे कारण ती दिल्ली-मुंबईहून सेकंड होम घ्यायला येणाऱ्यासाठी राखलीय, शेत आहे पण शेतात माणूस नाही. मला मनापासून वाटतं, जाहिरातीत कोण नाही हे गोव्यात राहणाऱ्याने आधी शोधावं.

दुसरी चूक, जाहिरात तिच्या काळातून उचलून एकटी वाचणं. सर्फ पावडरच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजी नुसत्या हुशार गृहिणी म्हणून बघितल्या तर काहीच कळत नाही, समोर स्पर्धेत स्वस्त निरमा पावडर होती हे धरलं की कळतं त्या भाजीवाल्याशी घासाघीस का करतात ते. पैसे वाचवणाऱ्या बाईलाच सांगायचं होतं की स्वस्त वेगळं आणि चांगलं वेगळं.

आणि आपल्याला लागला तोच अर्थ सगळ्यांना लागतो असं धरू नका. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये वाचण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या, संदेश आहे तसा मानणं, थोडा मानणं थोडा नाही, आणि सरळ उलटा वाचणं. मोपा ज्या तालुक्यात आहे त्या पेडण्यात ज्याचं शेत आहे तो ते होर्डिंग कसं वाचेल, हे त्याला जाऊन विचारा, स्वतःच्या मनाने लिहू नका.

ऑनलाइन जाहिरात असेल तर फक्त आपल्या फोनमधला स्क्रीनशॉट लावू नका, तुम्हाला दिसते ती तुमचं वय, गाव, आवडी बघून आलेली असते. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) ॲड लायब्ररीत ब्रँडचं नाव टाका, सध्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती शेजारी शेजारी दिसतात. भाचीला तिथे त्याच बिल्डरच्या दोन मिळाल्या, एकीत वीकेंडची सुट्टी होती आणि दुसरीत भाड्याचं उत्पन्न. ग्राहक दोन वेगळे, आणि तिच्या फोनवर यातली एकही आली नव्हती.