मोहराच्या दिवसांत अ‍ॅट्रोपिन देताना

देवगडात कलमांना मोहर फुटला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि मी ड्युटीवर आल्या आल्या ट्रेमधल्या अ‍ॅट्रोपिनच्या, म्हणजे फवारणीच्या विषबाधेवर देतात त्या इंजेक्शनच्या, अँप्युल मोजते. चाळीसच्या खाली गेल्या तर मला चैन पडत नाही. नव्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे, पण बागायतदारांनीही वाचावं.

गडी घामाने निथळतोय, तोंडातून लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, छातीत घरघर आहे, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवा, केसांसकट साबणाने धुवा, कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन बागेत कुणी टोचायचं नाही. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र सोबत आणा. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, क्विनॉलफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट, आमच्या भाषेत ओपी. त्यांना अ‍ॅट्रोपिन हा उतारा. नुसत्या लॅम्डा सायहॅलोथ्रिनला तो नाही, ते ओपी नव्हे. काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात, म्हणून लेबल शेवटपर्यंत वाचा.

वॉर्डात आल्यावर ऑक्सिजन लावा, घशातला स्राव ओढून काढा, शीर धरा. आमची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा ३ ते ५ सांगतात, म्हणजे १.८ ते ३ मिलिग्रॅम, शिरेतून. ५ मिनिटांनी तपासायचं. फरक नसेल तर दुप्पट. परत ५ मिनिटं, परत दुप्पट. आकडा ऐकून नवी मुलगी बिचकते. मीही बिचकले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गड्याची नाडी १२० झाली म्हणून मी पुढचा डोस अडवून धरला, आणि छातीतलं पाणी वाढत गेलं. डॉक्टर धावत आले म्हणून तो वाचला. नाडी जलद आहे एवढ्यावरून अ‍ॅट्रोपिन थांबवायचं नसतं, हे त्या रात्री कळलं. बाहुल्यांवरही विसंबू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. स्टेथोस्कोप लावून दोन्ही फुप्फुसं ऐका. ती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर, वरचं बीपीही ८० च्या वर आणि काख कोरडी, की दुप्पट करणं थांबवून अ‍ॅट्रोपिनची ड्रिप. लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला.

मग उलटी बाजू सांभाळा. रुग्ण हवेत काहीतरी वेचू लागला, अंग तापलं, लघवी अडली, पोटातले आवाज बंद झाले, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. डॉक्टरांना सांगून ड्रिप थांबवायची आणि तो शांत झाल्यावर कमी वेगाने लावायची.

पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, हा ओपीवरचा दुसरा उतारा, डॉक्टरांनी लिहिलं तर सावकाश, २० ते ३० मिनिटांत. सरळ ढकलू नका, हृदय थांबू शकतं. ओपी शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं आणि सरीनसारखा नर्व्ह गॅसही तेच करतो, म्हणून सैनिकांच्या ऑटो-इंजेक्टरमध्ये हीच जोडी असते: सुमारे २ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन, ६०० मिलिग्रॅम प्रॅलिडॉक्सिम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनसुद्धा.

छाती सुकली, गडी पेज प्यायला, की नातेवाईक घरी सोडा म्हणून मागे लागतात. सोडू नका. पहिल्या दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत, श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. मी दर फेरीला त्याला उशीवरून मान उचलायला सांगते. उचलता आली नाही, तर डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावते आणि श्वासाची नळी टाकायची तयारी करते.