जुनं बाथरूम स्वतः बदलताय? या चुका टाळा

कमोड, बेसिन, नळ असा नवा सेट आधी घरात येतो आणि भिंतीआडचे पाइप नंतर बघितले जातात. बहुतेक घोटाळे या उलट्या क्रमामुळेच होतात. कोणता सेट बसेल हे जुने पाइप ठरवतात, म्हणून खरेदीआधी एक दिवस निव्वळ पाहणीला द्या.

मुख्य कॉकवर विसंबणं

घरभरचं पाणी बंद करणारा मुख्य कॉक जुना गेट व्हॉल्व्ह असेल आणि वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल, तर तो बंद झाल्यासारखा वाटतो, पण आतून पाणी जातच असतं. तो बंद करून घरातला सर्वांत खालचा नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी संपल्यावरही धार चालू राहिली, तर सगळ्यात आधी हा कॉक बदला. जाम असेल तर जोर करू नका, स्पिंडल (चाकाखालचा दांडा) तुटतो. थोडं पुढे, थोडं मागे असं हळूहळू सोडवा. गरम पाण्याची लाइनही अशीच तपासा, ती हमखास विसरली जाते.

पाइप न ओळखता जोड आणणं

रंग खरवडा आणि चुंबक लावा. चिकटलं तर पाइप लोखंडी, बहुधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. मऊ, राखाडी, खरवडल्यावर चकाकणारा आणि चुंबक न धरणारा पाइप शिशाचा असू शकतो. शिसं पाण्यात उतरतं आणि ते विषारी आहे. अशा लाइनला ठिगळ लावू नका, ती पूर्ण काढा.

‘अर्धा इंच’ या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून सुमारे २१ मिमी भरतो, अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) जेमतेम १६ मिमी. कॅलिपरने, म्हणजे व्यास मोजायच्या साधनाने, मोजा. जीआय आणि तांबं थेट जोडलं तर जस्त आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. मध्ये दोन्ही धातूंना वेगळं ठेवणारं इन्सुलेटेड युनियन घाला.

गंजलेला एल्बो (पाइप वळवणारा जोड) एकाच पान्याने पिळला की भिंतीतल्या पाइपाचा आटा (पेच) तुटतो आणि मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका पान्याने पाइप घट्ट धरा, दुसऱ्याने एल्बो फिरवा.

जुन्या घरात धातूचे पाइप अर्थिंगशी जोडलेले असू शकतात. मध्येच प्लास्टिकचा तुकडा घातला की ती साखळी तुटते. हे जिवावर बेतू शकतं, त्यामुळे कापण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवाच.

कमोडचं माप चुकवणं

आउटलेट जमिनीत असेल तर भोकाच्या मध्यापासून भिंतीच्या टाइलपर्यंत मोजा, भिंतीत असेल तर जमिनीपासून मध्यापर्यंतची उंची. जुन्या टाइलवर नवी बसवणार असाल तर तिची आणि मसाल्याची जाडी वजा करा.

दाब न बघता शॉवर निवडणं

पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचा. उंची पुरेशी असूनही धार बारीक असेल, तर जीआय पाइप आतून गंजून अरुंद झाल्याची शक्यता मोठी.

घाईने भिंत बुजवणं

नवे नळ लावण्याआधी लाइन मोकळी वाहू द्या, नाहीतर गंजाचे कण मिक्सरमध्ये (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळात) अडकतात. मग टोकं प्लगने बंद करून लाइन रात्रभर दाबाखाली ठेवा. सकाळी प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. तो जराही ओलावला तर प्लास्टर थांबवा.