पूल पार्टीचा रिअ‍ॅलिटी शो: लास वेगासला कामासाठी जाणाऱ्यांना

फिल्म स्कूलला निघालेली मुलं मला अधूनमधून विचारतात, की वेगासच्या कॅसिनो हॉटेलांत जे रिअ‍ॅलिटी शो शूट होतात, त्यात आपला शिरकाव कसा होईल? डोक्यात अर्थातच कॅमेरा असतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात कॅमेऱ्याला मला कुणी हातही लावू दिला नाही. रिलीज फॉर्मचा, म्हणजे 'मला पडद्यावर दाखवायला माझी हरकत नाही' अशा संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन पूलच्या गेटवर उभं राहायचं, हे माझं काम. आणि आजही माझं मत आहे, की नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे हार्ड रॉक हॉटेलची 'रिहॅब'. रविवारची ही पूल पार्टी 2004 मध्ये सुरू झाली, आणि तिच्यावर ट्रूटीव्ही वाहिनीने 2008 ते 2010 या काळात मालिका दाखवली. तिच्यात भर पाहुण्यांवर नव्हता. बाउन्सर, वेट्रेस, बारटेंडर, व्हीआयपी होस्ट अशी राबणारी माणसं तिच्या केंद्रस्थानी होती. यामागचं गणित सोपं आहे. पाहुणा संध्याकाळी निघून जातो, त्याची गोष्ट तिथेच संपते. नोकरमंडळी पुढच्या रविवारीही तीच असतात, त्यामुळे आजचं भांडण पुढच्या भागात नेता येतं. (ते हॉटेल 2021 पासून व्हर्जिन हॉटेल्स या नावाने चालतं. शोधत जाल तर हार्ड रॉकची गिटारची पाटी दिसणार नाही.)

मुंबईत 'बिग बॉस'सारख्या शोमध्ये घर बंद असतं, आत कोण आहे ते ठाऊक असतं, करार आधीच झालेले असतात. पूलवर याच्या अगदी उलट. शेकडो माणसं, त्यातलं कोण कधी फ्रेममध्ये येईल याचा नेम नाही. गेटवर 'इथे चित्रीकरण चालू आहे' असा फलक लावतात, पण जो माणूस बोलताना किंवा भांडताना दिसणार, त्याची सही हवीच. नाहीतर चेहरा ब्लर करावा लागतो. सही घ्यायची ती आत शिरतानाच, शुद्धीत असताना. दुपारी तीनला टकिला चढलेल्या माणसाच्या सहीचा कागद उद्या टिकेलच असं नाही, आणि टिकला तरी तो मिळवण्याची ही रीत मला पटत नाही. काही सिनियर याला नाकं मुरडतील. मुरडू द्या.

आता फॉर्म भरून घेणं म्हणजे काय, ते प्रत्यक्ष सांगतो. समोरच्याचे हात सनस्क्रीनने बरबटलेले. त्या हाताने कागद धरला की तेलाचा डाग पडतो आणि त्यावर बॉलपेन उमटत नाही. म्हणून मार्कर ठेवायचा, फॉर्म क्लिपबोर्डवर प्लॅस्टिकखाली ठेवायचे आणि सहीची जागा तेवढी उघडी सोडायची. त्यात ओळख पटवण्याचा घोळ. 'लाल बिकिनी, काळा गॉगल' एवढंच लिहिलंत तर एडिटर तुम्हाला शिव्या घालेल, कारण तशा पंचवीसजणी असतात आणि गॉगल तासाभरात मैत्रिणीच्या डोळ्यांवर गेलेला असतो. भरलेला फॉर्म हनुवटीखाली धरायला सांगून फोटो काढायचा, तोही गॉगल उतरवून. टॅटू असेल तर कुठल्या हातावर, ते लिहायचं.

दुसरी डोकेदुखी आवाजाची. स्विमसूटवर लेपल माइक (कपड्याला टाचायचा छोटा माइक) लावायला जागा नसते, पाण्यात तो चालत नाही, आणि डीजेचं गाणं संवादाच्या मागे सतत वाजत असतं. त्या गाण्याचे हक्क विकत घ्यावे लागतात. घेतले तरी वाक्य मधून कापलं की गाणंही उडी मारतं. म्हणून महत्त्वाचं बोलणं मागच्या सर्व्हिस कॉरिडॉरमध्ये नेऊन पुन्हा बोलून घेतात. वेट्रेसला त्यासाठी गर्दीच्या वेळी थांबवू नका. तिची कमाई टिपांवर असते. तुमच्या दहा मिनिटांत तिचं टेबल दुसरी घेऊन जाते.

उन्हाबद्दल फार सांगत नाही. जुलैत पारा चाळिशी ओलांडतो, कॅमेऱ्यावर ओला पांढरा टॉवेल टाकतात, आपणही टोपी घालावी. कॅसिनोच्या फ्लोअरवरून मात्र हॉटेलचा माणूस बरोबर असल्याशिवाय कॅमेरा न्यायचा नाही, शॉर्टकट म्हणूनसुद्धा नाही.

संध्याकाळनंतर लॉगिंग. टाइमकोड (फुटेजमधली नेमकी वेळ) टाकून कोण काय म्हणालं ते नोंदवत जायचं. कंटाळवाणं आहे, पण गोष्ट कशी रचली जाते ते इथेच कळतं. दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरंच वाक्य बनवतात, त्याला फ्रँकनबाइट म्हणतात. असे तुकडे एडिटर तुमच्याच लॉगमधून शोधतो, त्यामुळे माणूस मुळात कशाबद्दल बोलत होता ते लॉगमध्ये जरूर लिहा. लॉगर, मग स्टोरी असिस्टंट, मग स्टोरी प्रोड्युसर ही वाट तिथे चांगली मळलेली आहे.

व्हिसाचं बघून ठेवा. टूरिस्ट व्हिसावर हे काम करता येत नाही. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतर 12 महिन्यांची ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची तात्पुरती परवानगी मिळते, काम शिक्षणाशी संबंधित हवं, आठवड्याला किमान 20 तास हवं, आणि बेकारीचे एकूण दिवस 90 च्या वर जाता कामा नयेत. पूलचं काम हंगामी. म्हणून सीझन चालू असतानाच एडिटिंग विभागात जागा मागून ठेवा. शरद ऋतूत पार्ट्या थांबतात, फुटेज बघायचं काम तेव्हाही बरंच उरलेलं असतं, आणि फॉर्म-फोटोंचा मेळ घालायला गेटवर उभा राहिलेलाच माणूस लागतो.