टोक्याचे छायाचित्र: आधी प्रकाश, मग फोकस स्टॅकिंग

पावसाळ्यात मुंबईच्या घरांत तांदळाच्या डब्यात सापडणारा टोका, म्हणजेच सोंडकिडा, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा असतो. पण पाठीवरचे चार तांबूस ठिपके आणि वक्षावरचे दाट खळगे यांमुळे सरावासाठी तो उत्तम नमुना आहे. शिवाय त्याच्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जावे लागत नाही, जेथे परवानगीवाचून कीटक गोळा करता येत नाहीत. किडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि नंतर मऊ कुंचल्याने स्पिरिटमध्ये हळुवार धुवावा, कारण खळग्यांत अडकलेले पीठ नुसत्या डोळ्यांना दिसत नसले तरी छायाचित्रात ठळक दिसते. वाळल्यावर तो जाड कागदाच्या त्रिकोणी टोकावर किंचित डिंकाने चिकटवावा.

४ पट मोठे करणाऱ्या, ०.१० न्युमेरिकल अपर्चरच्या (प्रकाश गोळा करण्याची क्षमता दाखवणारा आकडा) मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने, एका वेळी सुमारे ५५ मायक्रॉन जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. त्यामुळे कॅमेरा थोडाथोडा पुढे सरकवत अनेक चित्रे घ्यायची आणि त्यांतले स्पष्ट भाग एका चित्रात जोडायचे, यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. दर ४० मायक्रॉनला एक चित्र घेतल्यास १ मिलिमीटर खोलीसाठी साधारण २५ चित्रे लागतात. १० पटींच्या, ०.२५ अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये हाच थर ९ मायक्रॉनच्या आसपास येतो आणि चित्रांची संख्या दीडशेच्या घरात जाते, म्हणून सुरुवात ४ पटींनीच करावी.

खरे कौशल्य प्रकाशात आहे. सोंडकिड्याचे कठीण पंख चकचकीत असल्याने फ्लॅशचा थेट प्रकाश त्यांवर पांढरे डाग उमटवतो, आणि त्या डागांखाली हरवलेला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळणाऱ्या ट्रेसिंग पेपरची नळी करून ती नमुन्याभोवती उभी करावी आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅश तिच्यापासून थोडे दूर ठेवावेत, म्हणजे संपूर्ण कागद उजळतो. तरीही डाग राहिल्यास पहिल्या नळीबाहेर काही अंतर सोडून दुसरी नळी ठेवावी. कागद नुसता दुहेरी करण्यापेक्षा मधल्या मोकळ्या जागेचा उपयोग अधिक होतो. एका बाजूचा फ्लॅश किंचित मंद ठेवला की खळग्यांना उठाव येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही नळी लेन्सला बांधू नये. कॅमेरा रेलवर (तो पुढे-मागे नेणाऱ्या पट्टीवर) पुढे सरकताना प्रकाशही सरकला, तर प्रत्येक चित्रात चकाकीची जागा बदलते आणि जोडलेल्या चित्रात तिचे ओरखडे दिसतात.

लोकलच्या रुळांलगतच्या किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या इमारतींत जमिनीचा सूक्ष्म कंप जाणवतो, त्यामुळे येथे सतत जळणाऱ्या एलईडीपेक्षा फ्लॅश मला निश्चितच श्रेयस्कर वाटतो. कमी शक्तीवर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते आणि कंप चित्रात उतरत नाही. मात्र खोली अंधारी ठेवावी, पंखा बंद करावा आणि प्रत्येक चित्रापूर्वी फ्लॅश पूर्ण चार्ज होऊ द्यावा, अन्यथा उजेड कमीजास्त होतो.

चित्रे जोडताना झीरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमधील पीमॅक्स ही पद्धत एकमेकांवरून जाणारे पाय आणि स्पर्शिका नीट जपते, पण खरखर व कॉन्ट्रास्ट वाढवते. त्यातलीच डीमॅप ही दुसरी पद्धत पंखांचा गुळगुळीत पोत आणि रंग अधिक खरे ठेवते. दोन्ही निकाल काढावेत, डीमॅप आधार मानावा आणि पायांच्या कडा पीमॅक्समधून रिटच करून घ्याव्यात.

काम झाल्यावर नमुना आणि ऑब्जेक्टिव्ह वेगवेगळ्या हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवावेत, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत दोघांनाही बुरशी लागते.